अतिरिक्त मशालजी

बालाजीने उत्तराला मारलं. अंधारात, डाव्या बाजूने, ती त्याच्याच नावाने ओरडत असताना.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. उत्तरा खुशाल आहे, गंगाखेडला आपल्या गच्चीवर केस वाळवायलीय, आणि बालाजी राणीसावरगावच्या स्टँडवर जीपमध्ये बसून जीप भरायची वाट बघायलाय. रविवार आहे. सगळं छान आहे.

बालाजी म्हणजे किशनरावांचा धाकटा. किशनरावांच्या घरी चांगली काळी जमीन, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर, थोरला बन्सीधर आणि बालाजी असा संसार होता, आणि महत्त्वही याच क्रमाने. ट्रॅक्टर बन्सीधर चालवायचा, बालाजी मडगार्डवर बसायचा. बीएस्सी झाल्यापासून तो मडगार्डवरच होता. पाहुणे आले की किशनराव ओळख करून द्यायचे, “हे थोरलं. अन् ते... ते बी हाय.”

पण रविवारी गंगाखेडात, श्रीनिधीच्या माडीवर, तो भुजंग मशालजी होता.

माडीवर एक खेळ चालायचा. श्रीनिधी सूत्रधार. तो सांगणार, “समोर गुहा आहे, आत काहीतरी घोरायलंय.” बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, “मी आत जातो” म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आत जाता की मरता, ते फासा सांगणार. मेलेलं पात्र परत येत नाही. कोण कुठं उभं आहे ते चौकोनांच्या कागदावर पेन्सिलीने मांडायचं. प्रत्येक पात्राला एक पेशा असतो, आणि कुठल्या पेशाने काय करायचं ते नियमांच्या पुस्तकात छापलेलं असतं. वरद योद्धा, प्राची जादूगार, उत्तरा वैद्य. बालाजी मशालजी.

मशालजीने मशाल धरायची. संपलं. ऐकायला फालतू वाटतं, पण जुन्या पुस्तकात अंधार फार वाईट होता. मशाल विझली की योद्धा आपल्याच माणसाला कापायचा आणि वैद्य राक्षसाला पट्टी बांधायचा. एकदा भुजंगने गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून, दंडाला मगर लटकलेली असताना, मशाल वर धरली होती, आणि त्या उजेडात बाकीचे तिघं व्यवस्थित पळून गेले होते. बालाजीच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम. त्याने ते घरी सांगितलंही. आई, सुलाबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, “पाण्यात कशाला गेलास पर?”

मग नवी आवृत्ती आली.

श्रीनिधीने ती हैदराबादेहून मागवली. पुस्तक इतकं जाड, की कुरियरवाल्याने शहाबादी फरशी समजून ते अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. नव्या आवृत्तीत सगळ्यांचं भलं झालं होतं. योद्ध्याला जादा घाव मिळाले, आणि आपल्या जखमा आपणच बऱ्या करायची सोय मिळाली. जादूगाराच्या बोटाच्या टोकावर आता उजेड यायचा. फुकट, हवा तितका वेळ, आणि दुसरा हात वडापाव खायला मोकळा. मशालजी हा पेशा पुस्तकात नव्हताच. श्रीनिधीने शोध शोध शोधलं. मशाल सापडली. ‘किरकोळ सामान’ या मथळ्याखाली, साबणाच्या शेजारी.

“आपण लिहू ना त्याचा पेशा,” उत्तरा म्हणाली. “जुने पेशे नव्या नियमांत बसवतात लोक. एक पान तर लिहायचंय.”

“समतोल बिघडतो,” श्रीनिधी म्हणाला. हा शब्द त्याने त्याच सकाळी प्रस्तावनेत वाचला होता.

“मग काढून टाक बाल्याला,” प्राची म्हणाली आणि बोट पेटवून बघितलं.

पण तोंडावर काढायचं धाडस श्रीनिधीला होईना. तो खाली वडिलांना विचारायला गेला. अप्पारावांची अख्खी नोकरी एका कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली होती. माणसं कुठं ठेवायची, आणि ठेवल्या जागी कशी सडवायची, याचं त्यांना चांगलं ज्ञान होतं. ते पाटावर बसून लसूण सोलत होते.

“काढायचं नसतं बाळा,” ते म्हणाले. “काढलं की माणूस बोंबलतो. अतिरिक्त ठरवायचं. शाळेतली पोरं कमी झाली की मास्तर अतिरिक्त होतो ना, तसं. मास्तर राहतो, शाळा राहत नाही. रोज येतो बिचारा, सही करतो, समायोजन कधी म्हणून विचारतो. आपण सांगायचं, प्रक्रिया चालू आहे. ते काही खोटं नसतं. प्रक्रिया चालूच असते.”

“आणि मग?”

“मग काय. माणूस आपण होऊन झिजतो.”

त्या दिवशी बालाजी आला, तेव्हा त्याला हे समजावून सांगण्यात आलं. त्याचा चेहरा उजळला.

“म्हंजे काढलं न्हाई मला?”

“छे! काढतोय कशाला?” श्रीनिधी म्हणाला. “तू आहेसच. फक्त अतिरिक्त आहेस.”

“मग ठीक हाय,” म्हणत तो सतरंजीवर टेकायला गेला.

“तिथं नको,” वरद म्हणाला. “सतरंजी कार्यरत पात्रांसाठी आहे. तुझ्यासाठी स्टूल आणलंय.”

स्टूल दाराशी होतं. एक पाय आखूड होता. बालाजी त्याच्यावर बसला, आणि मडगार्डवरच्या सरावामुळे पडला नाही.

हे सगळं उत्तराला पसंत नव्हतं. पण ती भांडणारी नव्हती. तिने एवढंच केलं, की गुहेत शिरताना तिघांच्या जागा कागदावर मांडल्या, तेव्हा आपल्या खुणेच्या डाव्या हाताला एक चौकोन रिकामा सोडला.

“हा कशाला?” श्रीनिधीने विचारलं.

“भुजंगचा. तो नेहमी माझ्या डावीकडं असतो. समायोजन झालं की उभा राहील.”

“मधे भगदाड पडायलंय तुझ्या रांगेत.”

“पडू दे.”

पुस्तकात याला मनाई नव्हती. मग दर रविवारी तो चौकोन सुटत गेला. बालाजी स्टुलावरून मान लांब करून त्याच्याकडे बघायचा. भरल्या पंगतीत आपल्या नावाचं पान मांडलेलं दिसावं, पण बसायला कुणी बोलवू नये, तसं त्याला व्हायचं.

अतिरिक्त माणसाला रिकामं ठेवत नाहीत. मास्तरांना जनगणनेला लावतात, म्हणून भुजंगलाही लावलं. बाकीचे तिघं गुहेत सोनं लुटत असताना भुजंग बाहेरच्या गावात गाढवं मोजायचा. बालाजी फासा टाकायचा, श्रीनिधी आकडा लिहून घ्यायचा. एका रविवारी तेच गाढव दोनदा मोजलं गेलं आणि भुजंगला कारणे दाखवा नोटीस निघाली. बालाजीने पुढच्या खेपेला लेखी खुलासा आणला: गाढव हलले.

पावसाळा सरला, सोयाबीन निघालं, आणि बालाजीने जिन्यात अप्पारावांना गाठलं.

“काका, माझं कवा होईल वो?”

“पद रिकामं झालं की लगेच.”

“अन् पद कवा रिकामं हुतंय?”

अप्पारावांनी चष्मा पुसला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. कुणी नियम विचारला की त्यांना बरं वाटायचं, इतकंच. “सेवानिवृत्ती. राजीनामा. नाहीतर मयत.”

“खेळात कोन निवृत्त हुतंय, काका?”

“मग राहिलं काय, ते तूच बघ.”

त्याच सुमारास श्रीनिधीला राक्षसांचे फासे टाकायचा कंटाळा आला होता. गुहेतल्या बुटक्या राक्षसांची अख्खी टोळी हाकायची म्हणजे हात दुखतो. “बाल्या रिकामाच आहे,” वरद म्हणाला. झालं. भुजंगला गाढवांकडे ठेवून बालाजीला राक्षसांकडे प्रतिनियुक्तीवर पाठवण्यात आलं. स्टूल सतरंजीच्या काठापर्यंत सरकवायची परवानगीही मिळाली.

आणि त्याने बुटके राक्षस असे खेळवले, की माडीवर आधी हशा झाला आणि मग तो थांबला.

त्याचं कारण साधं होतं. नव्या आवृत्तीला अंधार माहीत नव्हता. तिच्यात सगळीकडे फुकटचा उजेड. अंधारात काय काय होतं, हे त्या खोलीत एकट्या बालाजीने इतके दिवस जिवावर उदार होऊन थोपवून धरलेलं होतं, त्यामुळे त्याला ते पाठ होतं. त्याच्या राक्षसांनी तलवारी काढल्याच नाहीत. छतावरून त्यांनी प्राचीच्या अंगावर एक ओलं पोतं टाकलं आणि वरून सुतळी आवळली.

“हा काय चावटपणा!” प्राची म्हणाली. “माझा उजेड?”

“पोत्यात हाय,” बालाजी म्हणाला.

श्रीनिधीने पुस्तक चाळलं. पोत्याबद्दल नियम नव्हता. उजेड पोत्यात, गुहेत अंधार. वरदने घाव घातला, फासा वाईट पडला, आणि त्याने स्वतःचीच ढाल फोडली. तो चिलखतात बंद होता, त्याला मारायला रात्र पुरली नसती. प्राची पोत्यात होती. उरली उत्तरा.

“राक्षस उत्तराकडं जायलेत,” बालाजी म्हणाला.

“दिसत नाही ना त्यांना,” वरद म्हणाला. “अंधार सगळ्यांनाच सारखा. मी कुठंय ते कळत नाही, तर ती कुठंय हे कसं कळेल?”

“ती भुजंगच्या उजवीकडं हाय.” बालाजीने बोट रिकाम्या चौकोनावर ठेवलं. “हितून वाट मोकळी हाय.”

खाली अप्पारावांचा रेडिओ हवामान सांगत होता.

“बालाजी,” उत्तरा म्हणाली. ती त्याला कधी बाल्या म्हणत नसे. “बालाजी, थांब. अरे, ती जागा तुझ्यासाठी सोडली मी.”

“मला ठाव हाय.”

“मी एकटीच तुझ्या बाजूची होते!”

“म्हनून तर,” तो म्हणाला. “बाकीचे कुटं उभे ऱ्हातेत ते मी कदी बघितलंच न्हाई.”

त्याने फासा टाकला. वीस पडले. मगरीच्या वेळीही इतके पडले नव्हते.

उत्तराने खोडरबर घेतलं आणि आपली खूण स्वतःच पुसली. नीट पुसली, कागद फाटू दिला नाही. फुंकर मारून कस्पटंही उडवली.

बालाजी स्टुलावरून उठला, चप्पल दाराबाहेर काढली आणि सतरंजीच्या कडेला हात जोडून उभा राहिला. “जागा रिकामी झाली,” तो म्हणाला.

श्रीनिधी खाली गेला. बऱ्याच वेळाने वर आला.

“वैद्याचं पद मृत संवर्गातलं होतं,” तो म्हणाला. “नव्या आवृत्तीत योद्धा स्वतःच बरा होतो, वैद्य लागतच नाही. होती तोवर तिला ठेवायचं ठरलं होतं. ती गेली की पद संपलं.”

“म्हंजे?”

“जागा रिकामी झाली नाही. जागाच गेली.”

बालाजीने मान हलवली आणि परत स्टुलाकडे वळला.

“तिथंही नको,” श्रीनिधी म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, त्यामुळे तो कागदाकडे बघून बोलत होता. “उत्तरा आता अतिरिक्त झाली. तुझ्याआधीपासून खेळते ती. स्टूल ज्येष्ठतेनुसार.”

उत्तराने स्टुलाकडे बघितलं, आखूड पायाकडे बघितलं, ओढणी सावरली आणि जिना उतरली. बालाजी अनवाणीच तिच्यामागं धावला. फाटकाशी त्याने तिला गाठलं.

“आगं उत्तरा, खेळच हाय ना नुसता!”

“हो ना,” ती म्हणाली. “मग रडायलास कशाला?”

ती परत आली नाही. पण राजीनामा लेखी नसल्याने स्टूल तिच्याच नावावर राहिलं, आणि बालाजी दाराशी उभा राहू लागला. तो अजून येतो. रविवारी जीपला लोंबकळून येतो, चौकटीला टेकून उभा राहतो, मधल्या वेळेत गाढवं मोजतो. राक्षस त्याच्याकडून काढून घेतलेत. वरद आणि प्राची पुढं चालतात, आणि त्यांच्यामागं चौकोनच चौकोन आहेत, सगळे रिकामे. पण कुणी मुद्दाम सोडलेला त्यांत एकही नाही, हे दाराशी उभं राहूनही कळतं.

परवा त्याने अप्पारावांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, “अर्ज देऊन ठेव. दिलेला बरा.” त्याने जीपमध्ये बसून, गुडघ्यावर कागद ठेवून तो लिहिला.

प्रति,
मा. सूत्रधार,
माडी, गंगाखेड.

विषय: डावीकडील चौकोनाबाबत.

महोदय,

विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, अर्जदाराचे पात्र भुजंग, पेशा मशालजी, हे नवीन आवृत्ती लागू झाल्यापासून अतिरिक्त असून त्याने मगर, अंधार व गाढवे यांचे कामकाज समाधानकारकरीत्या पार पाडले आहे. अर्जदारास आता पद नको. सतरंजी व स्टूल यांवरील हक्कही अर्जदार राजीखुशीने सोडत आहे. तथापि मयत वैद्य यांनी आपल्या डाव्या हातास दर रविवारी एक चौकोन रिकामा सोडला होता, व तो अर्जदाराच्या नावे होता. तरी सदर मयत वैद्य यांना येत्या रविवारी हजर राहण्याबाबत आदेश व्हावेत, व त्यांनी तो चौकोन पूर्वीप्रमाणे, स्वहस्ते, पेन्सिलीने, रिकामा सोडावा, ही नम्र विनंती.