खालचा सूर

अंजलीने पेटीचा भाता मिटला आणि पाण्याचा पेला विमलाबाईंसमोर सरकवला.

"अजून एकदा घेते," विमलाबाई म्हणाल्या. "आज लागेलच."

"आज नको, काकू. घसा ओढला जातोय."

विमलाबाईंनी पेल्याला हात लावला नाही. थायरॉईडचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आवाज थोडा बदलेल. थोडा म्हणजे किती, ते त्यांना देवळाली कॅम्पातल्या भजनी मंडळात कळलं. मंडळात अभंग उचलायचा मान वर्षानुवर्षं त्यांचा. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच गुरुवारी वर जाता जाता आवाज फाटला. बायका सतरंजीकडे बघत राहिल्या. मग फुलाबाईंनी अगदी मायेने त्यांच्या हातात टाळ दिले. "बरं वाटेपर्यंत तुम्ही ताल धरा, वहिनी."

ते टाळ काही हातातून सुटले नाहीत. म्हणून विमलाबाई बस बदलून गंगापूर रोडला गाणं शिकायला येऊ लागल्या, अंजलीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत. आवाज घुमू नये म्हणून तिथल्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. त्या खोलीत कुणाचाही आवाज फाटला तरी अंजली फक्त म्हणायची, "हं, पुढे."

आज मात्र ती "पुढे" म्हणाली नाही.

"मघाशी खाली रिक्षावाल्याशी भांडत होतात ना?"

विमलाबाई ओशाळल्या. "ऐकू आलं वर? मेला सीबीएस स्टँडपासून इथवरचे वाट्टेल ते मागत होता."

"चौथ्या मजल्यावर खणखणीत ऐकू आलं. तो आवाज कुठे ओढावा लागला तुम्हाला?"

अंजलीने पेटी पुढे ओढली. रोजची काळी चारची पट्टी सोडून तिने डावीकडे बोट नेलं आणि काळी एक दाबली.

"इथे सा लावा."

"अगं, हा तर पुरुषांचा सूर!"

"सुराला काय मिशा असतात?"

विमलाबाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी सा लावला. आवाज रुंद होता, जरा खरबरीत, पण हलला नाही. त्यांनी दचकून गळ्याला हात लावला. तिथे काहीच ताणलं जात नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि श्वास संपेपर्यंत तो सूर धरून ठेवला.

"हा माझा नाही," डोळे उघडून त्या म्हणाल्या.

"मग कुणाचा? खोलीत आपण दोघीच आहोत."

त्यानंतर जुना आवाज परत आणायचा विषय विमलाबाईंनी काढला नाही. त्या नव्या आवाजाला ओळखू लागल्या. पूर्वी जिथे झपकन तान मारायच्या, तिथे आता थांबू लागल्या. एकदा एका ओळीवर त्या अशा रेंगाळल्या की अंजलीचा भात्यावरचा हात थांबला. त्या दिवशी जाताना विमलाबाईंनी स्वतःच विचारलं, "तुझ्या रविवारच्या बैठकीत मी म्हणू का? आणि आमच्या फुलाबाईंना बोलावलं तर चालेल?"

"चालेल की," अंजली म्हणाली. "पुढे बसवू त्यांना."

रविवारी मागची खोली भरली. शिकणारी मुलं, त्यांचे आईबाप, दाराशी चपलांचा ढीग. फुलाबाई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. पेटीवर काळी एक वाजली तेव्हा त्यांनी चमकून वर पाहिलं.

विमलाबाईंनी अभंग घेतला. घाई केली नाही. पहिल्या कडव्यानंतर मुलांची चुळबुळ थांबली. शेवटची ओळ त्यांनी तीनदा म्हटली, आणि तिसऱ्यांदा ती इतकी खाली नेली की मागच्या रांगेतले लोक पुढे वाकले. टाळ्या पडल्या तेव्हा त्या अंजलीकडे नाही, सरळ फुलाबाईंकडे पाहत होत्या.

बैठक संपली, लोक पांगले. फुलाबाई जागच्या उठल्या नाहीत.

"येत्या गुरुवारी अभंग मी उचलणार," विमलाबाईंनी त्यांच्याशेजारी बसता बसता सांगून टाकलं. "पण याच सुरात. तुम्हा सगळ्यांना खाली यावं लागेल."

हे वाक्य त्या बसमध्ये घोकून आल्या होत्या. यावर फुलाबाई काय म्हणतील आणि आपण काय म्हणायचं, तेही ठरवून आल्या होत्या. पण फुलाबाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज बारीक केला.

"वहिनी, वरचा सूर मला कधीचाच लागत नाही. मी नुसते ओठ हलवते. मंडळात माझ्या शेजारी बसून विठाबाईसुद्धा तेच करते, मला दिसतं." त्यांच्या मांडीवरच्या पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लागली. "तुमच्या हातात टाळ दिले ना, तेव्हा वाटलं होतं, पुढची पाळी माझी."

घोकून आणलेलं सगळं विमलाबाईंच्या जिभेवर तसंच राहिलं.

अंजली चहाचे कप गोळा करत होती. ती पेटी झाकायला वळली, तर विमलाबाईंनी हातानेच तिला थांबवलं आणि पेटी स्वतःकडे ओढून घेतली. भाता उघडला. मग त्या जराशा सरकल्या, फुलाबाईंना पेटीसमोर जागा करून दिली.

"पर्स ठेवा बाजूला," त्या म्हणाल्या. "आणि गळा सैल सोडा. हं, सा."