मास्तरांची डावी पापणी

सकाळी मास्तरांची कात्री अशी चालायची, की कापड आपणहून दुभंगतंय असं वाटावं. दुपारनंतर मात्र तीच कात्री मणभर जड व्हायची. डावी पापणी अर्ध्यावर यायची, शब्द जिभेवरून घसरायचे. मास्तर दुपारी घेऊन बसतात, अशी कुजबुज दुकानात शिलाई करणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या कानांवर गेली.

ताईने थेट जवळ येऊन भावाचं तोंड हुंगलं. वास होता तो फक्त चहाचा.

"मग झालंय काय तुला?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यांचे वडील अर्धांगवायूने अकरा वर्षं अंथरुणाला खिळले होते. तो शब्द उच्चारायचीही मास्तरांची छाती होईना.

ताईने दुकानाला कुलूप ठोकलं आणि त्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी हातमोज्यात बर्फ भरला आणि दोन मिनिटं त्या पापणीवर धरला. बर्फ काढला, तर डोळा टक्क उघडा!

"अगं बाई!" ताई खुर्चीतून उठलीच.

"अर्धांगवायू नाही हा; असता तर बर्फाने पापणी अशी उघडली नसती," बाई म्हणाल्या. "नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये केसाहूनही बारीक फट असते. नसेच्या टोकातून रसायन सुटतं, फट ओलांडून स्नायूवर पोचतं आणि स्नायू आवळतो. तुमचं रसायन नीट सुटतंय, पण शरीराची संरक्षक फौज चुकून ते पोचायच्या जागाच अडवतेय. थकलात की जास्त जाणवतं. रक्त तपासून पक्कं करू. औषधं बरीच वर्षं लागतील, पण काम करता येईल."

बाहेरच्या बाकावर मास्तर मटकन बसले. "मला वाटलं, मी बाबांसारखाच..."

"मलाही तेच वाटत होतं," ताई म्हणाली. मग दोघंही येड्यासारखे हसत सुटले. शेजारची पेशंट उठून लांब जाऊन बसली.

रक्ताने निदान पक्कं केलं. फटीतलं रसायन लवकर विरू न देणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. पंधरवड्याने भरदुपारी एक गिऱ्हाईक कोटाच्या मापाला आलं. मास्तर त्याच्या छातीभोवती फीत आवळून अस्तर, बटणं, खिसे यांवर असे सुटले, की थांबायचं नाव नाही.

"मास्तर," गिऱ्हाईक काकुळतीला आलं, "छातीचं माप घेताय ना? मग मला श्वास तरी घेऊ द्या!"