खळ्यातली फीत

विमलाने खळ्यात फीत उलगडली आणि वाडीतल्या चार घरांतून माणसं डोकावू लागली. आमच्याकडे माणूस अंगणात फीत घेऊन उभा राहिला की त्याचा अर्थ एकच, मोजणी. मोजणी म्हणजे वाटणी, आणि वाटणी म्हणजे पुढे जन्मभर एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जायचं. बिचारी विमला मात्र गृहपाठ करत होती.

तिचं बागकाम म्हणजे निव्वळ हौस. कट्टा गावच्या बाजाराला जाताना कुणाच्या कुंपणात वेगळी जास्वंद दिसली की येताना पिशवीत फांदी आलीच. ती तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचायची आणि डबा जागा मिळेल तिथे ठेवून द्यायचा. मुंबईला नोकरी करणारी तिची मुलगी आकांक्षा हसायची, "आई, ही बाग आहे की एसटी स्टँड?" शेवटी तिनेच कुडाळच्या एका नर्सरीतल्या लँडस्केप डिझाइनच्या वर्गात आईचं नाव घातलं. दर शनिवारी दुपारी.

विमलाला लाज वाटली. पन्नाशी उलटल्यावर पट्टी-पेन्सिल घेऊन शाळेत? म्हणून तिने शेजारच्या दारी, म्हणजे आपल्या थोरल्या जावेला, सुभद्राला, सांगितलं की गुडघ्याच्या व्यायामाला जातेय. एवढीशी थाप. पण ती तिला चांगलीच भोवणार होती.

वर्गात ती रमली. शिकवणाऱ्या संचिता मॅडम आकांक्षाच्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "झाडं नंतर. आधी आहे ती जागा ओळखा. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, माणसं कुठून चालतात. मोजा आणि कागदावर उतरवा."

आता विमलाची जागा म्हणजे काय, तर दोन घरांच्या पुढ्यातलं एकच सलग खळं. एक दार तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, गुरुदासचं. दुसरं सुभद्राचं. सुभद्राचा नवरा मंगेश वारल्यापासून ती एकटीच असायची, मुलगा दीपेश गोव्याला हॉटेलात. कोकमाची सोलं एकीच्या चटईवर वाळायची आणि कावळे दुसरीने हाकायचे. नवी नवरी म्हणून आलेल्या विमलाला मासे साफ करण्यापासून सासूला उत्तर न देण्यापर्यंत सगळं सुभद्राने शिकवलेलं. त्या खळ्यात आपलं किती न् तिचं किती, हा प्रश्न विमलाला कधी पडलाच नव्हता.

तर त्या रविवारी फितीचं एक टोक विमलाच्या हातात, दुसरं गुरुदासच्या. सुभद्रा दारात आली.

"काय चललाहा?"

गुरुदासला चेष्टेची भारी खोड. "मोजणी, वयनी! बघा, तुमच्या वाट्याक काय येता ता!"

सुभद्रा हसली नाही. ती आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. गुरुदास आपल्याच विनोदावर हसत राहिला, पण विमला त्या बंद दाराकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा चहाला आली नाही. सोलांची चटई खळ्यातून उचलून तिने मागच्या पडवीत नेली. वाडीत कुजबुज सुरू झाली. विमला दोनदा तिच्या पायरीपर्यंत जाऊन परतली. जेवण गोड लागेना. गुरुदासवर ती एवढी तडकली की तो आपणहून भांडी घासू लागला.

आठवडा सरत आला तेव्हा विमलाने वर्गासाठी काढलेला नकाशा उचलला आणि ती सुभद्राच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वयनी, मोजणी नाय गो. बागेच्या क्लासाचो अभ्यास. कुडाळाक मी त्याचसाठी जातंय."

"गुडघ्यांक बरा करूक गेललंस, आणि मोजणी शिकान इलंस?"

"लाज वाटली म्हणान खोटा बोललंय. शप्पत. ह्या बघ."

तिने कागद जमिनीवर पसरला. सुभद्राने चष्मा लावला. दोन दारं, मधलं खळं, त्यात मधोमध विहीर, फणसाची सावली, पाणी साचतं तो कोपरा. ती कागदावर बोट फिरवत राहिली.

"बरा काढलंस," ती म्हणाली. विमलाचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"विमला, दीपेश वर्षभर मागे लागलोहा. वाटणी कर म्हणता. पर्यटकांसाठी खोलयो बांधूच्यो आसत तेका. माझ्या तोंडातसून येय नाय होता. तू फीत काढलंस, माका वाटला, सुटलंय."

विमला खाली बसली. म्हणजे तो अबोला रागाचा नव्हता, शरमेचा होता. ती गैरसमज दूर करायला आली होती, आणि गैरसमज तिचा स्वतःचा निघाला. वर्षभर सुभद्रा तिच्याकडे चहा पीत होती, आणि हे पोटात ठेवून पीत होती. विमलाला तिचा राग आला, कीवही आली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली.

"आता कागद तयार आसाच," सुभद्रा म्हणाली. "तूच मधी रेघ मार. मोजणीदार काय आमका वळाखता? तू माझ्यावांगडा खोटा करूचंस नाय."

"आणि बाव?" विमलाने विचारलं. विहीर बरोबर मध्ये होती. निदान ती तरी कापता येणार नव्हती.

"बाव तुझ्याकडेच ऱ्हवांदे. माका आता नळ इलोहा."

इतक्या सहज. वाडीत बायकांनी विहिरीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या होत्या. आणि हिने ती जुनी कळशी द्यावी तशी देऊन टाकली. विमलाला रडू आवरेना.

"भांड माझ्यावांगडा, वयनी," ती म्हणाली. "बावीसाठी तरी भांड."

सुभद्राने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग कागद तिच्याकडे सरकवला.

"रेघ सरळ मार गो," ती म्हणाली. "सांजेक दीपेशचो फोन येतलो."