खुंटाचं पान

फाल्गुनातल्या उन्हात संत्र्याचं पान चुरगळलं की त्याचा तिखट-गोड गंध बराच वेळ कुसुमच्या बोटांवर रेंगाळायचा, आणि डोळे मिटून दुसरं पान हुंगत ती सांगायची, हे मोसंबी, हे जंबेरी लिंबू. ती माझ्या बायकोची धाकटी बहीण. बोरगावला सासऱ्यांचा बगीचा होता. तिथली सावली तिच्या चालण्यात उतरली होती, संथ आणि किंचित ओलसर.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपूरला ती झाडांच्या डीएनएवर प्रबंध लिहीत होती. लिंबाच्या डीएनएसाठी घडवलेली खूण संत्र्या-मोसंबीच्या पानातही सापडते का, हे ती पाहायची. सापडली की एक्स-रेसारख्या फिल्मवर काळ्या रेघा उमटत आणि त्यांच्या जागांवरून झाडांचं नातं कळे. झाडं बारा निवडली होती, पण जीव बाराव्यात होता. बगीच्यातली चौदा झाडं डिंक्या रोगानं वाळली, तेव्हा मधोमध एकटंच हिरवं राहिलेलं ते म्हातारं संत्रं. त्याचं कूळ तिला हवं होतं.

पान आणायच्या वेळी ती काविळीनं अंथरुणावर होती. मी तहसीलीतला कारकून, झाडांतलं मला कळत नाही. कोवळं पान हवं, एवढं तिनं सांगितलं. मी बुंध्याशी फुटलेल्या कोंबाची सहा पानं मोजून तोडली, बर्फाच्या थर्मासात घातली, नंबर लिहिला आणि बसनं नागपूरला पोचवली. प्रयोगशाळेत ती दुसऱ्याच कुणी कुटली. तिनं एक जरी हुंगलं असतं, तरी तिथंच कळलं असतं.

श्रावणातल्या वादळात ते झाड मुळासकट आडवं झालं. दिवाळीत ती फिल्म घेऊन पांढुर्ण्याला आमच्याकडे आली.

"भाऊजी, पान कुठून तोडलं जी तुम्ही?"

"बुडाजवळून. कोवळं पाह्यजे म्हणत होती ना तू."

"काटे नाही टोचले?"

"टोचले."

ती हसली. "डोळा बांधला त्याच्या खालचं आणलं तुम्ही. जंबेरीचा खुंट हाय तो. मी संत्र्याचं कूळ शोधून राहिली, अन् तुम्ही त्याच्या पाया पडून वापस आले!"

जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात, आणि त्या बांधाखाली जे फुटतं ते संत्रं नसतंच, हे मला तेव्हा समजलं.

"दुसरं पान आणतो," मी म्हणालो.

"झाड कुठं हाय आता?"

हसू ओसरल्यावर तिनं फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली, खाली घेतली, पुन्हा धरली. मला कुणीच दोष दिला नाही. दुसऱ्या झाडाचं पान लावून कोष्टकातली ओळ भरून टाक, असं प्रयोगशाळेतल्या सोबत्यांनी सुचवलं. तिनं ऐकलं नाही. पुढच्या चैत्रात कावीळ उलटली आणि कुसुम गेली. इस्पितळातले कागद मी भरले, प्रत्येक रकाना दोनदा तपासला. रडू आलं नाही.

प्रबंधाच्या कोष्टकात अकरा ओळी भरलेल्या आहेत. बाराव्या ओळीत तिच्या हातचं 'नमुना नाही'. तो कोंब जमिनीपासून वीतभर उंच होता, हे मी आजही खात्रीनं सांगू शकतो. ती त्या दिवशी हसताना माझ्याकडे पाहत होती की फिल्मकडे, हे मात्र आठवत नाही, आणि सगळं नेताना काळानं नेमकी ती वीतच माझ्यापाशी का ठेवली, ते कळत नाही.