मी ओहोळातल्या दगडांवरचा बुळबुळीत थर

मित्रांनो, ओहोळात पाय टाकताना तुम्ही कधी ना कधी घसरला असाल. सोबतचं कोणी ओरडलं असेल, "शेवाळ आहे, जपून!" तो मीच. पण मी नुसतं शेवाळ नाही. मी एक जुना, बुळबुळीत थर आहे. माझ्यात शेवाळ आहे, आणि त्याहून कितीतरी जास्त जिवाणू आहेत. शास्त्राच्या पुस्तकात मला जैवपटल म्हणतात. मी स्वतःला 'मी' म्हणतो खरा, पण माझ्या नखाएवढ्या तुकड्यात अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माणसं नसतील इतके जीव राहतात.

माझा जन्म पुरात झाला. गंगापूर रोडच्या पलीकडे भाजी आणि फुलं पिकवणारं एक गाव आहे. तिथल्या ओहोळात एक काळा दगड उलटला आणि त्याची कोरी बाजू वर आली. पाण्यात विरघळलेल्या पाल्यापाचोळ्याचा एक न दिसणारा लेप आधी तिच्यावर बसला. त्यावर वाहत आलेले जिवाणू टेकले. बरेचसे पुन्हा वाहून गेले, थोडे चिकटून राहिले. त्यांनी आपल्या अंगातून डिंकासारखा पदार्थ सोडला आणि त्याच डिंकात घर केलं. त्या घरात पाणी खेळावं म्हणून बारीक वाटा राहिल्या. वर ऊन खाणारं शेवाळ, खाली अंधारात प्राणवायूवाचून जगणारे जीव. एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. गोगलगाई मला खरवडून खात, पूर मला सोलून नेई. दगडाच्या खाचेत थोडासा उरलो, की मी पुन्हा पसरत असे.

माझं काम एकच : पाण्यातली घाण खाणं. पूर्वी ती थोडी असे. १९९० सालानंतर वरच्या अंगाला कॉलन्या उभ्या राहिल्या आणि त्यांचं सांडपाणी ओहोळाला मिळालं. मी हटलो नाही. जितकी घाण आली तितका वाढलो, जाड झालो, दगडामागून दगड व्यापत गेलो. गावाजवळ येईपर्यंत पाण्याचा वास गेलेला असे. गावात कोथिंबीर पिकवणारी गोजराबाई रोज दुपारी तिथे कोथिंबिरीच्या जुड्यांची माती धुवायची आणि म्हणायची, "आपल्या ओहोळाचं पाणी लय गुणाचं." गुण पाण्याच्या नावावर जमा होई. माझी त्याला हरकत नव्हती.

पण जाड झालो तसा मी निसरडाही झालो. १९९८ सालच्या पावसाळ्यात गोजराबाईची जाऊ चंद्रभागा माझ्यावरून घसरली आणि तिचा हात मोडला.

मित्रांनो, आमच्याकडे घटस्थापनेआधी 'दसरा काढतात'. घरातलं भांडं न् भांडं घासायचं, आणि साऱ्या गोधड्या ओहोळावर आणून धुवायच्या. त्या वर्षी गोधड्या दगडांवर वाळत असताना गळ्यात हात अडकवलेली चंद्रभागा म्हणाली, "घरादाराचा दसरा काढता, अन् ह्या मेल्या बुळबुळीचा कोण काढायचा?"

"खरंय," गोजराबाई म्हणाली. "आज काढूनच टाकू."

विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर सरपंच रंगनाथ आप्पांनी पोतंभर दिली. बायकांनी तारेचे ब्रश आणले. त्यांनी मला दगडादगडावरून खरवडलं आणि उघड्या पडलेल्या खाचांत पावडर भरली. गोगलगाई मेल्या, बारके मासे उलटे तरंगले. संध्याकाळी दगड नव्या पाट्यासारखे लखलखत होते. बायका खूश होऊन घरी गेल्या. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. त्यांनी स्वच्छताच केली होती.

मी फक्त रस्त्याच्या मोरीखाली वाचलो. तिथे वाकून कोणाला शिरता आलं नाही.

दसरा उलटला आणि पाण्याला वास येऊ लागला. कॉलन्यांचं सांडपाणी आता जसंच्या तसं गावात पोचत होतं. मार्केटात व्यापाऱ्याने गोजराबाईची जुडी नाकाला लावली आणि परत केली. "मावशी, ही काय गटारात बुचकळली का?" गोजराबाई भरलेली पाटी घेऊन घरी आली. सगळं घर त्या कोथिंबिरीवर चालत होतं.

रंगनाथ आप्पांनी उपाय काढला, "दगडच काढून टाकू. तळाला सिमेंट करू, पाणी सरळ निघून जाईल."

तसं झालं असतं, तर माझा कायमचा शेवट होता. खाच नाही, दगड नाही, तर मी धरणार कशाला?

गोजराबाईची मुलगी शुभांगी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "आप्पा, वास दगडांमुळे आलेला नाही. दगडांवरचं काढलं म्हणून आला."

"म्हणजे घाण काढली म्हणून घाण झाली?" आप्पा हसले. "कॉलेजात हेच शिकवतात काय गं?"

"मग नाकानेच ठरवा."

तिने तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांच्या तळाला भोकं पाडली. एकात घासलेले दगड भरले, दुसऱ्यात मोरीखालून काढलेले. म्हणजे त्या डब्यात मी होतो. दोन्हींखाली बादल्या ठेवून ओहोळाचं तेच वासाचं पाणी ती दोन्हींत ओतू लागली. खाली गळलेलं पुन्हा वर. दिवसभर तिचं तेच चाललं होतं.

मी इतकं जीव तोडून कधीच काम केलं नव्हतं. पाणी पातळ धारेने माझ्यावरून जाई. जाताना मी त्यातला साबण, खरकटं, मूत, जे हाती लागेल ते धरत होतो. वरच्यांनी घेतलं, खालच्यांनी घेतलं, आणि पुढच्या धारेची वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. चंद्रभागेने पहिल्या बादलीत नाक घातलं आणि तोंड फिरवलं. "शी! मेलं हे तर गटारच." मग दुसरी बादली. ती बराच वेळ वाकून राहिली.

"काकू, झोप लागली का?" शुभांगीने विचारलं.

"गप गं. ह्याला वास नाय." ती माझ्या डब्याकडे बघत राहिली. "म्हणजे ही बुळबुळ एवढं खायची?"

"एवढं खायची म्हणूनच एवढी जाड झाली होती."

रंगनाथ आप्पांनीही वास घेतला. ते हसले नाहीत. "बरं, सिमेंट राहू दे," ते म्हणाले. "पण पाय मोडायचे का बायांनी?"

"धुण्याच्या जागी तेवढी खडबडीत पायरी बांधा, ती रोज काथ्याने घासू. वरच्या दगडांना हात नाही लावायचा," शुभांगी म्हणाली. "आणि आई, जुडीला शेवटचं पाणी विहिरीचंच. रोगाचे सगळे जंतू काही ह्याला अडवता येत नाहीत."

चंद्रभागा गळ्यातला हात सावरत म्हणाली, "माझा हात जुळतोय. ह्याला जुळायला किती दिस लागत्याल?"

"कोणी खरवडलं नाही, तर संक्रांतीपर्यंत."

"मंग कोण खरवडतंय तेच बघते मी."

तिने खरोखरच पहारा केला. शुभांगीने मोरीखालचे दगड ओहोळभर पेरले आणि मी शेजारच्या कोऱ्या दगडांवर उतरलो. आधी न दिसणारा लेप, मग चार जिवाणू, मग डिंक. संक्रांतीच्या सुमारास गोजराबाईची जुडी मार्केटात पुन्हा विकली गेली.

मित्रांनो, कॉलन्या अजून वाढताहेत. माझी भूक मोठी आहे, पण तिला सीमा आहे, आणि प्लास्टिक, रंग, कारखान्याची रसायनं मला पचत नाहीत. तुमचं सांडपाणी आधी तुम्ही शुद्ध करा, उरलेलं माझ्याकडे द्या. ओहोळाला सिमेंटने बांधू नका. दगड तेवढे राहू द्या. बाकी धरून कसं राहायचं ते मी बघतो.