लॅबमधलं हार्ट

एक होती चष्म्याच्या काचा घासणारी बाई. एक होता तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. आणि एक होती नवऱ्याची आई, रोपं वाढवून विकणारी. तिघांचं घर तसं भरलेलं होतं, पण एक कोपरा रिकामा होता, आणि त्या कोपऱ्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

या गोष्टीतला चौथा मी. मी हिरा बोलतोय. बदामाच्या आकाराचा, कॉलरच्या बटणाहून लहान, आणि लॅबमध्ये वाढलेला. हे शेवटचं मुद्दाम आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी कुजबुजायला नको.

माझा जन्म एका लोखंडी कपाटात झाला. कपाटाला एक गोल खिडकी, आत जांभळा उजेड. तळाशी हिऱ्याचीच एक पातळ चकती ठेवलेली, तिला तिथली माणसं 'बी' म्हणायची. आत गॅस सोडला, धग दिली, आणि त्या गॅसमधला कार्बन कण कण करून बीवर बसत गेला. तीन आठवडे मी असा वाढलो. पांढरी टोपी घातलेली एक बाई रोज खिडकीतून डोकवायची, काहीतरी लिहून घ्यायची, आणि जाता जाता म्हणायची, "वाढ रे बाबा नीट." डोंगराच्या पोटात कुणी कुणाला असं म्हणत असेल, असं मला वाटत नाही.

मला बाहेर काढलं तेव्हा मी दिसायला काही धड नव्हतो. काळ्या कडांचा ठोकळा. पैलू पाडणाऱ्या म्हाताऱ्याने मला भिंगाखाली धरलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. माझ्या वरच्या कडेला, अगदी मधोमध, एक काळा डाग होता.

"गोल पाडला तर हा डाग जन्मभर तुझ्या छातीत राहणार," तो मला म्हणाला. दिवसभर दगडांशीच बोलायची सवय त्याला. "त्यापेक्षा बदाम पाडतो. डाग आहे तिथेच खाच मारतो."

तशी मारली. तेव्हा, लोक ज्या खाचेकडे बोट दाखवून 'अय्या, किती गोड' म्हणतात ना, तिथे माझा डाग होता. मला त्याची लाज नाही.

तिथून मी दुकानात आलो. दुकानवाली सरळ बाई होती. आमच्या ट्रेवर तिने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली होती, 'लॅबमध्ये वाढवलेले'. गिऱ्हाइकं वाकून बघायची, चिठ्ठी वाचायची आणि कोमट चहा पुढे आल्यासारखं तोंड करायची. "खरा दाखवा हो," असं म्हणत पलीकडच्या ट्रेकडे सरकायची. पलीकडे खाणीतले बसलेले. त्यांच्याशी माझं भांडण नाही. तेही कार्बन, मीही कार्बन. त्यांना काळोखात फार वर्षं लागली, मला उजेडात तीन आठवडे. उशिरा येणारा जास्त खरा, हा हिशेब कुणी घातला देव जाणे. खोटी असते ती काच, आणि काचेवर मी ओरखडा काढतो.

एका दुपारी ती दोघं आली.

बाईने पर्समधून स्वतःचं भिंग काढलं तेव्हाच मी सावध झालो. तिचं कामच ते. काचेचा नंबर जरा इकडेतिकडे झाला तर म्हातारा माणूस पायरी चुकतो, म्हणून नजर पक्की. दुकानवालीने पाच बदाम पुढे मांडले.

"याचा एक गाल सुजलाय," बाईने पहिला बाजूला केला. "याला खाच नाही, नुसता खळगा आहे. हा उभट, पानासारखा. आणि याच्या मधोमध सावली पडते, कमरेला काळी फीत बांधल्यासारखी."

"ताई, तुम्ही नोकरी करता का माझ्याकडे?" दुकानवाली म्हणाली.

मग मला उचललं. उलटं केलं, आडवं केलं, खिडकीशी नेलं. माझी छाती धडधडत होती म्हणा. "दोन्ही गाल सारखे," ती म्हणाली. "लांबी-रुंदी बेताची. खाच स्वच्छ. टोक बरोबर मधे. फक्त टोकाला आधी लागतं, तेवढं झाकणारं कोंदण करा."

"आवडला ना, मग झालं," नवरा म्हणाला. "अकरा वर्षांत तुला काही दिलं नाही मी."

"ही समजूत घालणं चाललंय का?"

दुकानवालीने घसा साफ केला. "ताई, आधीच सांगते, हा लॅबमधला आहे. पावतीवर तसंच लिहिणार."

"म्हणूनच हवाय."

"अगं, आईसमोर लॅब हा शब्द..." नवरा हळूच म्हणाला.

"तीन वर्षं तो शब्द घरात आलेला नाही," ती म्हणाली. "कागद कपाटात, शब्द पोटात. आता बोटात घालून फिरते. बघू कोण काय म्हणतं."

गोष्ट अशी होती. दोघांना मूल हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आपणहून होणं कठीण आहे, पण लॅबमध्ये गर्भ तयार करून आईच्या पोटात ठेवता येईल. तसं लिहूनही दिलं होतं. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "काचेत वाढलेलं लेकरू मी मांडीवर घेणार नाही." विषय संपला. मुलाने आईपुढे मान खाली घातली आणि कागद कपाटात ठेवला. त्याच्या बायकोला तेव्हापासून ते कपाट उघडताना हात जड व्हायचा. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वय थांबत नाही, फार उशीर करू नका.

बुधवारी नवऱ्याने दुकानात फोन केला. दुकानवालीचे हात कामात होते, तिने फोन काउंटरवर ठेवून मोठ्या आवाजात लावला, म्हणून दोन्ही बाजू मी ऐकल्या. दुकानात आम्हाला बदाम कुणी म्हणत नाही, सगळे 'हार्ट' म्हणतात. तोही तेच शिकला होता.

"हार्ट कसं आहे?" त्याने विचारलं.

"छान आहे. काही डागबिग नाही."

"वजन?"

"बेताचं. पण नाजूक हाताला शोभेल."

"लॅबमधलंच आहे ना? बायकोला तेच हवंय. आणि हो, आईला अजून सांगितलेलं नाही आम्ही. शनिवारी घ्यायला येतो."

तो घराच्या ओट्यावर उभा राहून बोलत होता. भिंतीपलीकडे सासूबाई जाळीखाली टोमॅटोची रोपं पिशव्यांत लावत होत्या. त्यांना अर्थातच एकच बाजू ऐकू आली. हार्ट कसं आहे. वजन. लॅबमधलंच. घ्यायला येतो.

शनिवारी दोघं निघाली तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या, हातात कापडी पिशवी.

"आई, तू कुठे?"

"मला कळलंय सगळं. मी येणार."

दोघांना वाटलं, अंगठीचं कळलं. बसमध्ये सासूबाई पिशवी पोटाशी धरून बसल्या. एकदाच बोलल्या, "परत येताना खिडकी लावून घे, वारा लागेल." मुलाला वाटलं, आईला वारा बाधतो आजकाल. हे सगळं मला पुढे कळलं, अंगठीत बसल्यावर. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की आता मला तोंडपाठ आहे.

दुकानात शिरल्यावर त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. "एवढे आरसे कशाला दवाखान्यात?" त्या पुटपुटल्या.

"या काकू, बसा," दुकानवाली म्हणाली. "हार्ट तयार आहे."

"कसं आहे?"

"इतकं सुंदर आहे, हातात घेऊनच बघा."

सासूबाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली. आतून एक दुपटं काढलं. जुन्या सुती चादरीचं, कडेने हातशिलाई घातलेलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ. ते दोन्ही तळव्यांवर पसरलं आणि हात पुढे केले.

"द्या," त्या म्हणाल्या.

दुकानवालीला वाटलं, काकू जपून घेणाऱ्या दिसतात. तिने मला अंगठीसकट दुपट्याच्या मधोमध ठेवलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाकून दुपट्याखाली पाहिलं. परत माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"हार्ट," दुकानवाली म्हणाली.

"आणि बाळ?"

नवऱ्याच्या तोंडून हसू फुटणार होतं, ते बायकोकडे बघून तिथेच विरलं. ती हसत नव्हती. ती दुपट्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "हे तुम्ही शिवलंत?"

"मग काय, उघडं आणायचं होतं?"

"तुम्ही म्हणाला होतात, मांडीवर घेणार नाही."

"तोंड म्हणालं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या, मी अजून त्यांच्या तळव्यांवरच. "बुधवारी याचं बोलणं ऐकलं आणि अशी संतापले. माझ्या पाठीमागे उद्योग केला म्हणून. मग वाटलं, आता ते तिकडे वाढलंच आहे. हा त्याचं वजनसुद्धा विचारत होता. त्या बिचाऱ्याचा काय दोष? तोंड रागावलेलंच होतं, आणि हात चादर फाडायला लागले."

सून त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली. दुपट्याच्या कडेची शिलाई बोटाने चाचपत राहिली. मग सासूबाईंनी मला दोन बोटांत धरलं.

"आणि हा कसा वाढतो म्हणे लॅबमध्ये?"

"बी ठेवतात काकू," दुकानवाली म्हणाली. "ऊब देतात. रोज बघतात. हळूहळू वाढतो."

"म्हणजे माझ्या जाळीखालच्या रोपांसारखंच."

"तसंच की."

"माझ्या रोपांना कुणी खोटं म्हणून बघावं. बादली घेऊन मागे लागेन." त्या मुलाकडे वळल्या. "तो कागद कुठाय?"

"कपाटात. तू म्हणालीस म्हणून..."

"मी वाट्टेल ते म्हणते. तू तीन वर्षं ऐकत बसलास? लिफ्ट अडकली तर माणसं आत ठेवून आईला विचारायला येतोस का?"

सोमवारी सकाळी कागद कपाटातून निघाला.

पुढचं सोपं होतं असं समजू नका. सुया, तपासण्या, थांबणं. ज्या दिवशी गर्भ पोटात ठेवायचा, त्या दिवशी अंगठी काढावी लागली. सासूबाईंनी मला तळव्याकडे वळवून करंगळीत घातलं आणि दाराबाहेर बाकावर मूठ आवळून बसल्या. कोंदणाने झाकलेलं असूनही माझं टोक त्यांच्या तळव्यात उमटलं.

पहिल्यांदा काही झालं नाही. सून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. सासूबाई तिच्या पायाशी बसल्या.

"माझ्या ट्रेमधल्या सगळ्या बिया उगवत नाहीत. मी माती बदलते, परत पेरते. पण अंग तुझं आहे. थांबायचं का ते तू सांग, मी कुणाला बोलू देणार नाही."

दोन महिने ती नुसती काचा घासत राहिली. मग एका सकाळी तिने आपणहून मला बोटातून काढलं, सासूबाईंच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "चला."

या वेळी गर्भ रुजला. बोटं सुजली तेव्हा मी लांब दोऱ्यात ओवला जाऊन तिच्या गळ्यातून पोटावर लोंबायला लागलो, आणि आतली लाथ मला घरात सगळ्यांच्या आधी कळली. नऊ महिने भरले आणि मुलगी झाली. आवाज असा की दवाखान्यातली लिफ्ट दुरुस्त करत असलेला बाप तीन मजले पायऱ्यांनी धावत आला.

परवा शेजारची बाई आली होती. बाळाकडे बघून आवाज खाली करून म्हणाली, "लॅबमधली ना?"

"हो," सासूबाई म्हणाल्या, आवाज मुळीच खाली न करता. "मग? चहा घेणार का?"

मलाही तेवढंच सांगायचंय. आमच्यासारखा दगड बोटात घालाल तेव्हा कुणी विचारलं तर मान वर करून सांगा, वाढवलेला आहे. रोज कुणीतरी खिडकीतून डोकावून वाढवलेला आहे.

आता मला वेळ नाही. मुलगी मांडीवर आहे, आजीच्या, तीच मांडी. खाली तेच दुपटं, ज्यावर आधी मी होतो. तिने आईचं बोट पकडलंय आणि मला तोंडात घालायला बघतेय. टोक झाकलेलं आहे, टोचणार नाही. घरातला तो कोपरा आता इतका भरलाय की तिथे पाय ठेवायला जागा नाही.