ढकलणाऱ्याचा उतार

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसील कचेरीत एक रीत होती, आणि ती कोणत्याही सरकारी कागदापेक्षा पक्की होती. ज्याची नोकरी कायम होईल त्यानं सगळ्या कचेरीला बसस्टँडसमोरच्या श्रीकांतच्या हॉटेलात न्यायचं, आलूबोंडे अन् जिलेबी खाऊ घालायची, आणि पंख्याखालच्या लांब टेबलाशी आपण मधोमध बसायचं. तिथं बसल्याशिवाय माणूस कायम झाला असं कोणी मनापासून मानतच नसे. एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर कमल कायम झाली. कमल म्हणजे टायपिस्ट. तिसऱ्या वर्षी पोलिओत दोन्ही पाय गेलेली, आणि हातानं फिरवायच्या तीनचाकीवरून रोज साडेदहाच्या ठोक्याला कचेरीत हजर होणारी पोर.

आणि हॉटेलाला होत्या तीन पायऱ्या.

"आपण कचेरीतच मागवून घेऊ नं," शेजारच्या टेबलावरची अलका म्हणाली. "नाहीतर दिलीपभाऊ अन् चपराशी उचलून नेतील. दोन मिनिटांचं काम."

"मी काय संत्र्याची पेटी आहे, उचलून ठेवायला?" कमल म्हणाली. "मी जाईन तर माझी मी जाईन."

संध्याकाळी जेवताना तिनं हे बापाला सांगितलं आणि तुळशीरामाच्या हातातला घास हातातच राहिला. कारण त्या तीन पायऱ्या त्याच्याच हातच्या होत्या. तुळशीराम गवंडी. सत्तावीस वर्षांपूर्वी श्रीकांतच्या वडिलांनी, मोतीरामशेठनी, त्याच्याकडून त्या बांधून घेतल्या होत्या. तिसरी पायरी घोटून झाली तेव्हा शेठनी खूश होऊन चहा सांगितला. कान तुटलेला, वेगळा ठेवलेला कप आला, खालच्या पायरीवर ठेवला गेला. तुळशीरामानं उकिडवं बसून चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घातला. तेव्हाची रीतच ती. पुढं छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर दोन गोष्टी कायमच्या सोडल्या: देव आणि बाहेरचा चहा. काळ बदलला, त्याच हॉटेलात सगळे आत बसू लागले. पण तुळशीरामाला कोणी ये म्हटलं नाही आणि आपणहून जायला त्याची मान वाकेना. बाप्पा, असा हट्टी माणूस.

"मी उतार बांधून देतो," तो म्हणाला.

कमलचे डोळे चमकले. ते साल जगभर अपंगांचं वर्ष म्हणून पाळलं जात होतं. वरून हिंदीत एक कागद आला होता आणि तिनंच त्याच्या सहा प्रती टाइप केल्या होत्या: सरकारी इमारतींना 'यथासंभव' उतार करावा, फूटभर उंचीला बारा फूट लांबी ठेवावी. त्या यथासंभवमध्ये सगळ्यांची सुटका होती. कचेरीनं व्हरांड्याला दोन फळ्या टाकल्या आणि कागद फायलीला लावला. हॉटेलांचं तर त्यात नावही नव्हतं.

श्रीकांतनंही तेच ऐकवलं. "कागद सरकारी इमारतीचा हाये, तुळशीरामभाऊ. माह्यं हॉटेल का सरकारी हाये? पन तुमी आपल्या हातानं बांधता तर बांधा. माह्या भट्टीले धक्का नाई लागला पाहिजे, बस."

भट्टी होती भिंतीला लागून, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला. म्हणजे उतार सरळ रस्त्याकडेच काढावा लागणार, आणि तिकडं जागा जेमतेम सात फूट.

"बाबा, दीड फूट उंची आहे. अठरा फूट लागतात," कमल म्हणाली.

"अवं बाई, तीस वर्सं थापी धरून राहिलो मी! पांढुर्ण्याच्या संत्रा गोदामायचे उतार कोनं बांधले? भरलेला हातठेला सरसर चढते. त्या कागदवाल्यानं जल्मात कधी घमेलं उचललं काय?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण तुळशीरामाला तो लागणारा नव्हता. तीन दिवसांत त्यानं अर्ध्या पायऱ्या मोकळ्या ठेवून उतार उभा केला. चाक घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर सुतळी दाबून रेघा पाडल्या. आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पोत्यांवर पाणी मारलं. कमलनं आधी चढून पाहते म्हटलं, तर म्हणाला, पाहायचं काय त्यात, पार्टीच्या दिवशीच चढ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शनिवारी दुपारी सगळी कचेरी हॉटेलासमोर जमली. कमलनं नवं पाताळ नेसलं होतं. तिनं दांडा फिरवायला घेतला, पुढचं चाक वर चढलं, मागची दोन चढली, आणि निम्म्यावर दांडा फिरेना. गाडी थांबली. मग मागं आली, आधी हळू, मग भसकन, थेट रस्त्यावर. कचेरीतल्या दिलीपनं धावत जाऊन धरली म्हणून बरं.

"मी ढकलतो नं, ताई."

"नको."

तिनं पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. तळहाताला फोड आले. मग ती बापाकडे वळली, आणि रागावली असती तरी त्याला बरं वाटलं असतं, इतक्या हळू बोलली.

"बाबा, हा ढकलणाऱ्याचा उतार आहे. हातठेल्याच्या मागं दोन माणसं असतात. माझ्या मागं कोणी नाही."

तुळशीरामाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पायऱ्या तरी त्यानं दुसऱ्याच्या सांगण्यावरून बांधल्या होत्या. हा उतार त्याच्या स्वतःच्या शहाणपणाचा होता.

एवढ्यात श्रीकांत बाहेर आला. हातात बशीत दोन आलूबोंडे आणि चहाचा गिलास. "कायले तरास घेता, कमलताई? तुमच्यासाठी मी सोता बाहेर आनून देत जाईन. रोज देईन." आणि त्यानं तो गिलास खालच्या पायरीवर ठेवला. त्याच्या मनात काही खोट नव्हती, हे सांगायलाच हवं.

पण तुळशीराम पुढं झाला.

"श्रीकांतभाऊ, तो गिलास उचला."

"काहून? काय झालं?"

"याच पायरीवर तुमच्या वडिलानं माह्यासाठी कप ठेवला होता. कान तुटलेला. मी पेलो. बावीस वर्साचा होतो, मले वाटलं, असंच असते. माह्यी पोरगी नाई पेनार."

श्रीकांतचा चेहरा उतरला. "भाऊ, मी काई जातीपातीनं नाई केलं हे."

"मालूम हाये मले. तुमी मायेनं केलं. पन गिलास तर बाहेरच राह्यला न."

श्रीकांतनं गिलास उचलला. तो हातात घेऊन काय करावं हे त्याला कळेना. कमलनं गाडी वळवली आणि कचेरीच्या मंडळींना म्हणाली, "आज राहू द्या. मी अजून कायम व्हायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम घण घेऊन आला. आपल्या हातचं काम फोडायचं म्हणजे गवंड्याला मरणच. पण हॉटेलापाशी येऊन पाहतो तर श्रीकांत धोतर खोचून, हातात सब्बल घेऊन आपली भट्टी फोडत होता. बापाच्या वेळची भट्टी. कपाळापासून कोपरापर्यंत राखच राख.

"कुठवर पाह्यजे जागा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"अठरा फूट."

"मोजा मंग."

तुळशीराम मात्र मोजायला वाकला नाही. घरी परत गेला आणि कमलला घेऊन आला. "हे सूत तूच धर," तो म्हणाला. "तू म्हनशीन तिथून चालू करतो." तिनं दोरीचं टोक धरलं, जागा दाखवली, आणि त्यानं खडूनं तिथं रेघ मारली. जुना उतार फोडून काढला, आणि नवा बांधताना दर दोन फुटांवर तो थांबला आणि तिला विचारलं. उभ्या जन्मात त्यानं कोणत्या मालकाला इतकं विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी भिंतीच्या कडेकडेनं कमल वर निघाली. घाई नाही. निम्म्यावर थांबली, दांडा सोडून हात झटकले, आणि गाडी जागची हलली नाही. मग उरलेला उतार चढून ती आत गेली. पंख्याखालच्या लांब टेबलाचा मधला बाक काढला होता, तिथं तिची तीनचाकी लागली. अलका रडायला लागली आणि सगळे तिला हसले.

तुळशीराम खाली पोती गुंडाळत होता. काम झालं की गवंडी सामान आवरतो.

"बाबा!" आतून कमलची हाक आली. "तुमची जागा धरून ठेवली आहे."

"सिमेंटाचे पाय हायेत माह्ये. तू खाय."

श्रीकांत दारात आला. हातात चहाचा गिलास होता, पण तो उंबऱ्याच्या आतच उभा राहिला.

"मी बाहेर नाई आनून देनार, तुळशीरामभाऊ," तो म्हणाला.

तुळशीरामानं पोती खाली ठेवली. उजव्या हाताला त्याच्या पायऱ्या होत्या, घोटून गुळगुळीत केलेल्या. त्यांच्याकडे त्यानं पाहिलं, आणि उताराच्या पायथ्याशी जाऊन अठराच्या अठरा फूट चालत वर गेला. दाराशी आल्यावर मात्र तो अडला. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, पण हॉटेलात जाताना चपला काढायच्या असतात की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"राहू द्या, बाबा," कमल म्हणाली. "तसेच या."